लेथच्या नाकावरचे अडीच आटे

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा घर आणि वर्कशॉप यांच्यामध्ये एकच दार होतं, आणि ते बंद झालेलं मी कधी पाहिलं नाही. स्वयंपाकघरातून तीन पायऱ्या उतरलं की थेट तेलाच्या आणि तापलेल्या लोखंडाच्या वासात. उजवीकडे माझ्या सासऱ्यांचा, मामंजींचा, लेथ. डावीकडे खिडकीखाली सासूबाईंचं टेबल. मध्ये सात पावलं मोकळी जागा. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू जाईल इतकी कमी, आणि सोयीचं नसेल तेव्हा ‘ऐकू आलं नाही’ म्हणता येईल इतकी पुरेशी.

तो वास आता कुठे मिळत नाही. एखाद्या गॅरेजवरून जाताना कधी जवळपास येतो, पण त्यात सासूबाईंच्या हात धुवायच्या साबणाचा भाग नसतो.

मामंजी टर्नर होते. लोखंडाचा दांडा लेथमध्ये पकडायचा, फिरवायचा आणि हवा तसा सोलायचा, हे त्यांचं पन्नास वर्षांचं काम. सासूबाई एकच काम करायच्या: बिघडलेले आटे जागेवर आणायचे. बोल्टवरचे, नटातले, इंजिनाच्या भोकातले, कशाचेही. लोक त्यांना ‘आटेवाल्या बाई’ म्हणत. मामंजींना ‘आटेवाल्या बाईंचे मिस्टर’ म्हणायला लागले, तेव्हापासून मामंजींचं बाजारात जाणं कमी झालं होतं.

दोघांचं भांडण तत्त्वाचं होतं, म्हणून ते टिकलं. मामंजींच्या मते बिघडलेल्या आट्यांवर औषध एकच: भोक मोठं करा, टॅप घालून नवीन आटे पाडा, जाडा बोल्ट लावा, मोकळे व्हा.

“म्हणजे खरचटलं की पाय कापायचा,” सासूबाई म्हणायच्या.

“आणि तू काय करतेस? फुंकर घालतेस.”

“माझ्या फुंकरीने बसलेले बोल्ट अजून निघाले नाहीत. तुमचे जाडे बोल्ट बघा जरा. पंप फुटलाय, बोल्ट शाबूत आहे.”

सासूबाईंचं म्हणणं असं की टॅप कापतो. कोऱ्या लोखंडात आटे पाडायला तो बरा. पण जिथे आटे आधीच आहेत, फक्त चेपलेत, गंजलेत, त्यांच्यात घाण बसलीये, तिथे तो वाईटाबरोबर चांगलंही सोलून आणतो, आणि मग बोल्ट आयुष्यभर सैल. त्यांची हत्यारं कापायची नाहीत. आहे त्याच खाचेतून फिरायची, पडलेला आटा उभा करायची, कचरा बाहेर काढायची. विकतच्या डबीवर या हत्यारांचं नाव ‘चेझर’ असं छापलेलं असायचं. सासूबाई म्हणायच्या ‘फणी’. “गुंता सोडवायचाय, केस नाही कापायचे.” अर्ध्याअधिक फण्या त्यांनी स्वतः केलेल्या. चांगल्या पोलादाचा बोल्ट घ्यायचा, त्याला करवतीने लांबीच्या दिशेने तीन खाचा पाडायच्या, तोंड कानशीने थोडं निमुळतं करायचं, लाल तापवून तेलात बुडवायचं. तेलकट फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेल्या अशा शंभरएक फण्या एका चपट्या डब्यात असत. त्या डब्याला मामंजी ‘सौंदर्यप्रसाधनं’ म्हणत.

माझ्याकडे नोंदवही होती. मी हिशेबी आहे हे लग्नाआधीच कुणीतरी सासूबाईंच्या कानावर घातलं होतं, आणि त्यांनी ते स्थळाच्या जमेच्या बाजूला धरलं होतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला वहीत दोन रकाने आखायला लावले. एकावर लिहायचं ‘गिऱ्हाइकाचं म्हणणं’, दुसऱ्यावर ‘आट्यांचं म्हणणं’. आटे कशाने गेले हे गिऱ्हाईक सांगेल ते शब्दाला शब्द पहिल्यात. मग सासूबाई भिंग लावून बघणार, कापसाची वात आट्यांवरून ओढणार, कापूस कुठे अडतो ते पाहणार, आणि सांगतील ते दुसऱ्यात.

न्हावी, खुर्चीचा बोल्ट. म्हणणं: आपोआप झालं. आट्यांचं म्हणणं: हातोडी, तीनदा, डावखुऱ्या माणसाची. न्हावी डावखुरा होता.

मास्तर, सायकल. म्हणणं: आधीच्या मिस्त्रीने केलं. आट्यांचं म्हणणं: वाकडा धरला, अडला तरी रेटला, मग घाबरून तेल ओतलं.

डॉक्टरीणबाई, स्कूटर. म्हणणं: भावाने. आट्यांचं म्हणणं: लांब दांड्याचा पाना, ताकद कमी, राग फार.

अकरा वर्षांत मी बेरीज केली होती. ‘आपोआप’ चारशे बारा वेळा. ‘आधीच्या मिस्त्रीने’ तीनशेच्या घरात. ‘मीच केलं’ सात वेळा, आणि त्यातला तीन वेळचा माणूस एकच होता, बिचारा खरोखरच वेंधळा.

सासूबाई हे कुणाला चिडवायला विचारत नसत. (चिडवायचं काम मी मनातल्या मनात करायची.) त्यांना कामापुरतं कळायला हवं असायचं. वाकडा घातलेला बोल्ट तोंडाशी बिघडतो आणि आत चांगला असतो. जास्त आवळलेला मध्ये ताणला जातो. प्रत्येकाला सुरुवात वेगळीकडून. जिथे आटे शाबूत आहेत तिथे फणी बसवायची आणि चांगल्याकडून वाईटाकडे जायचं. उलट गेलं तर वाईट आटा चांगल्यालाही आपल्यासारखा करतो.

तर अशा घरात, एका दुपारी, लेथचं नाक गेलं.

लेथचं नाक म्हणजे त्याच्या फिरत्या दांड्याचं पुढचं टोक. मनगटाएवढं जाड, त्यावर रुंद रुंद सहा आटे. त्या आट्यांवर चक चढतो. चक म्हणजे काम पकडणारा जबडा, कलिंगडाएवढा आणि त्याच्या चौपट जड. तो उचलून नाकाशी सरळ धरायचा आणि हाताने फिरवत चढवायचा. हातानेच. मशीन सावकाश चालू करून चक लावून धरला तर तो आपसूक चढतो, कष्ट वाचतात. पण एखादा चुरा मध्ये आला किंवा केसभर वाकडं झालं की थांबवेपर्यंत सगळं संपलेलं असतं. लेथच्या वरच्या भिंतीवर मामंजींनी स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहिलं होतं: ‘चक हातानेच चढवावा. मशीन चालू करून चढवणाऱ्याने घरी जावे.’ त्या वाक्याने आजवर दोन जण घरी गेले होते. एक तर त्यांचा सख्खा भाचा.

दुपारी जेवण झालं की सासूबाई वीस मिनिटं आडव्या व्हायच्या. घड्याळ लावून वीस. मी मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होते. लेथची मोटर सुरू झाल्याचं मी ऐकलं. सगळ्यात हळू गियर. अकरा वर्षांत मला ते आवाज भाजीवाल्याच्या हाकेइतके ओळखीचे झाले होते. मग दाढा एकमेकींवर घासाव्यात तसा एक आवाज आला, आणि मोटर बंद. आणि मग शांतता. ज्या घरात दोन माणसं सतत बोलतात तिथली शांतता लगेच कळते.

मी आत गेले. मामंजी हात मागे बांधून उभे होते. चक नाकावर तिरका लटकला होता, एखाद्याने टोपी घाईत घालावी तसा.

“काय झालं मामंजी?”

“काही नाही.”

“आवाज आला.”

“हातानेच चढवत होतो मी.”

मी हे विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं की माझं लक्ष आपोआप वाढतं. चकाच्या जबड्यात लाकडाची फळी पकडून आम्ही दोघांनी ती ओढली. डाव्या हाताने ओढत होते ते, हे मी पाहिलं, त्याचा अर्थ नाही लावला. तिसऱ्या हिसक्याला चक सुटला. नाकाचे पुढचे अडीच आटे लोळागोळा झाले होते.

पायरीवरून आवाज आला, “किती गेले?” सासूबाई केस बांधत उभ्या होत्या.

“पडून राहा तू. माझं मी बघतो.”

“बघा,” त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

आता यात काय पणाला लागलं होतं ते सांगते. हा लेथ बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे नवा दांडा मिळणार नाही. जुना काढून दुसरीकडे दुरुस्त करून आणावा, तर ज्या बेअरिंगांत तो फिरतो ती मामंजींनी तरुणपणी तीन महिने हाताने खरवडून जुळवलेली. एकदा उचकटली की तशी पुन्हा बसणार नाहीत. नाक सोलून त्यावर बारीक आटे पाडावेत, म्हणजे मामंजींचं लाडकं औषध, तर घरातले सगळे चक आणि नाकावर चढणाऱ्या बाकीच्या तबकड्या भंगारात. नाक नाही तर चक नाही, चक नाही तर लेथ म्हणजे एक लांब जड टेबल. आणि टेबलाला गिऱ्हाईक तयार होतं. माझे यजमान बाहेरगावी नोकरीला, दर शनिवारी यायचे. दोन वर्षं ते म्हणत होते, “बाबा, पुरे आता. चांगला भाव येतोय, विकून टाकू.” एक मशीनवाला येऊन लेथ पाहूनही गेला होता. मामंजी दर वेळी एकच उत्तर देत, “चालतोय तोवर चालतोय.” तो मंगळवार होता. शनिवारी लेथ चालत नसता, तर हे उत्तरही गेलं असतं आणि लेथही.

बुधवारभर मामंजींनी आमच्याकडे पाठ केली आणि तिकोनी कानस घेऊन नाकावर घासत बसले. सासूबाईंनी एकदाही तिकडे पाहिलं नाही. त्या न बघण्यासाठी किती कष्ट घेत होत्या ते मी पाहिलं. एकच नट त्यांनी चार वेळा साफ केला.

गुरुवारी सकाळी मामंजी सात पावलं चालून आले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. आधी बेकरीवाला बसला होता, पीठ मळायच्या मशीनचा बोल्ट घेऊन.

“तुम्ही?” बेकरीवाला चाट पडला.

“नंबर लावलाय,” मामंजी म्हणाले.

सासूबाईंनी बेकरीवाल्याचं म्हणणं ऐकून घेतलं. (आपोआप. चारशे तेरा.) मग मान वर केली. “पुढचे कोण?”

“मी.”

“काय आणलंय?”

“आणता येत नाही. यावं लागेल.”

“कशाने झालं?”

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिलीच्या टोकाकडे पाहिलं.

“आपोआप,” ते म्हणाले.

“लिही गं,” सासूबाई म्हणाल्या. मी लिहिलं. पहिल्या रकान्याचा नियमच तसा, म्हणाल ते.

सासूबाई भिंग आणि कापूस घेऊन लेथपाशी गेल्या. बराच वेळ वाकून होत्या. वात ओढली, पुन्हा ओढली. बोट फिरवलं. मग सरळ झाल्या आणि मला म्हणाल्या, “दुसरा रकाना मोकळा ठेव.”

अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“का आई?”

“यांनी कानशीने पुसून टाकलंय सगळं. आटे काय बोलणार?” मग नवऱ्याकडे वळल्या. “अहो, एकच सांगा. मशीन चालू होतं का?”

“सांगितलं ना एकदा.”

“तुम्हाला पकडायला नाही विचारत. हाताने वाकडा बसला असेल तर नुसता चेप आहे, मी पुढून सुरू करते, दुपारपर्यंत मोकळं. मशीनवर बसला असेल, तर नाकाचं लोखंड घसटत पुढच्या खाचेत गेलंय, आणि चकाच्या आत चुरा दाबून बसलाय. मग पुढून सुरू केलं तर उरलेले साडेतीनही जातील. मागून यावं लागेल, आणि त्याला वेगळं हत्यार करावं लागेल. कुठून सुरू करू?”

मामंजी भिंतीकडे बघत होते. लाल अक्षरांकडे.

“मागूनच करा ना बाई, धोका कशाला,” बेकरीवाला म्हणाला. तो अजून तिथेच होता.

“तुमचा बोल्ट उद्या मिळेल.”

“मला घाई नाही.”

“मला आहे. उठा.”

तो गेला. मामंजी भिंतीकडेच बघत राहिले. सासूबाई आपल्या टेबलाशी परत आल्या आणि दुसरं काम घेऊन बसल्या. संध्याकाळी भांडी आवरताना मी म्हटलं, “आई, मला विचारायचं होतं ना. मी अंगणातच होते.”

“म्हणून तर नाही विचारलं,” त्या म्हणाल्या. “तू सांगितलं असतंस.”

“मग?”

“मग लेथ दुरुस्त झाला असता आणि ते ‘आपोआप’ म्हणत बाकावरच बसून राहिले असते.”

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी चहा पीत होतो. मामंजी पायरीवर येऊन उभे राहिले. दाढी केली नव्हती.

“चालू होतं,” ते म्हणाले.

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

“खांदा,” ते म्हणाले. “उजवा. वर जात नाही. सहा महिने झाले. चक उचलून धरता येत नाही, म्हणून हळू गियरवर चढवायचो. रोजच. तू पडायचीस तेव्हा. मंगळवारी चुरा अडकला.”

“रोज?”

“रोज.”

“आणि भिंतीवर ते एवढं लिहिलंय?”

“मीच लिहिलेलं. मला कशाला वाचायला लागतंय?”

मला वाटलं सासूबाई हसतील, किंवा चाळीस वर्षांचं काहीतरी एकदम वसूल करतील. त्यांनी दोन्हीही केलं नाही. त्या म्हणाल्या, “तुम्ही शर्ट घालताना आधी उजवी बाही घालायला लागलात, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी आट्यांवरून लोकांचे हात ओळखते म्हणे.” आणि उठल्या.

“लिहून टाक सूनबाई,” मामंजी मला म्हणाले. “मीच केलं, असं.”

आठवी नोंद.

मग जो दिवस गेला त्याच्यासारखा दिवस त्या वर्कशॉपमध्ये मी दुसरा पाहिला नाही. एवढ्या मोठ्या आट्यांची फणी डब्यात असणं शक्य नव्हतं. ती करायला हवी होती. एका फुटलेल्या चकाची मागची तबकडी अंगणात पाण्याच्या पिंपावरच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेली होती. तिच्या भोकातले आटे नाकाच्याच मापाचे आणि धडधाकट. सासूबाईंनी तिचे बरोबर दोन अर्धे करायचं ठरवलं, म्हणजे ते मागच्या चांगल्या आट्यांवर दोन्हीकडून बसवून आवळता येतील आणि तिथून बाहेरच्या दिशेने फिरवत आणता येतील. करवतीने ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापायला आम्हा तिघांना जेवणाची वेळ झाली. आळीपाळीने. मामंजी डाव्या हाताने कापत होते आणि माझ्या कापण्याला नावं ठेवत होते.

“ब्रेड कापतेस का? अख्खं पातं वापर.”

“डाव्या हाताने तुमचीही रेघ तिरकी गेलीये मामंजी.”

“तिरकी नाही, कलात्मक आहे.”

पण बीड मऊ. नाकाच्या पोलादाला वळण लावायला टोकाशी काहीतरी कडक हवं. तिथे मामंजींचा हात लागला. तुटक्या कानशीचा नखाएवढा तुकडा त्यांनी सहाणेच्या चाकावर धरला, आणि बघता बघता त्याला आट्याच्या खाचेचा हुबेहूब कोन आला. सासूबाईंनी तो मापाशी लावून उजेडात धरला. मध्ये उजेडाची रेघही दिसेना.

“बरा जमलाय,” त्या म्हणाल्या.

“बरा?” मामंजी माझ्याकडे वळले. “हे लिहून ठेव.”

“ते रकान्यात बसत नाही.”

कानशीच्या तुकड्याचा तो दात एका अर्ध्यात घट्ट बसवला. अर्धे नाकावर मागे चढवले, दोन बोल्टांनी आवळले, तेल सोडलं. मग सासूबाईंनी फिरवायला सुरुवात केली. पाव फेरा बाहेर, थोडा आत, पाव फेरा बाहेर. थांबून कापसाने पुसायचं, किंचित आवळायचं, पुन्हा. चांगल्या आट्यांवरून ते लोण्यासारखं आलं. मग एकाएकी आवाज बदलला, दात खरवडल्यासारखा.

“आलं,” त्या म्हणाल्या. “हात द्या इकडे. डावा चालेल.”

त्यांनी मामंजींचा हात आपल्या हाताखाली घेतला. दोघं मिळून ढकलत होते, ओढत होते.

“जोर नको.”

“जोर कुठे लावतोय?”

“लावताय. पन्नास वर्षं मशीनने जोर लावलाय, तुम्हाला कळत नाही तो कुठे संपतो.”

“मग कधी ढकलू?”

“लोखंड सांगेल. थांबा. आता.”

काळ्या पापुद्र्यासारखा भुगा तेलात उतरायला लागला. आडव्या पडलेल्या लोखंडातून आधी एका आट्याची कड उभी राहिली, मग दुसऱ्याची. खिडकीतलं ऊन पार पलीकडच्या कोपऱ्यात गेलं तेव्हा दोन आटे परत आले होते. शेवटचा तोंडाशी राहिलेला अर्धा मात्र पुरता फाटला होता. सासूबाईंनी तो कानशीने काढून टाकला आणि कड साफ केली.

“शेवटी कापलंसच,” मामंजी खूश झाले.

“कापलं नाही. सोडून दिला. साडेपाच पुरे आहेत त्याला.”

चकाच्या आतून त्यांनी आकडीने एक निळसर कुरळा चुरा काढला, नखाच्या कडेएवढा. सहा महिन्यांचं गुपित ज्याने फोडलं तो एवढासाच होता. मामंजींनी तो तळहातावर घेतला, पाहिला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

नाक झालं. पण शनिवारी मुलासमोर चक कोण उचलणार होतं? हा प्रश्न आम्ही तिघांनी जेवताना नीट टाळला.

शनिवारी मी उठले तर खालून करवतीचा आवाज. लाकडाची. सासूबाई एका जाड ओंडक्याला खोबण पाडत होत्या. लेथच्या नाकाखालच्या आडव्या पाट्यांवर तो ओंडका ठेवला की खोबणीत चक आडवा बसेल आणि त्याचं भोक बरोबर नाकाच्या समोर येईल. मग उचलायचं काही उरत नाही. नुसतं सरकवायचं आणि फिरवायचं. दोनदा माप चुकलं, दोनदा तासलं. मामंजी कोपऱ्यातून बघत होते.

“हे मला सहा महिन्यांपूर्वी सुचलं असतं तर...” ते म्हणाले.

“तुम्ही सहा महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत, तर मला सुचलं असतं.”

अकरा वाजता माझे यजमान आले. पिशवी ठेवली, पायऱ्या उतरले आणि थांबले. आई-वडील दोघं लेथवर वाकलेले. वडील डाव्या हाताने चक फिरवत, आई ओंडका धरून.

“बाबा, उजव्या हाताला काय झालं?”

एकदा खोटं सांगून झालेलं माणूस दुसऱ्यांदा सराईत होतं, हे माझी वही सांगते.

“खांदा गेलाय,” मामंजी म्हणाले. डोकं वर न करता. “सहा महिने. लपवला होता. मशीनवर चक चढवला, नाक बिघडवलं. तुझ्या आईने दुरुस्त केलं.”

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग भिंतीकडे. “मग बाबा, आता तरी लेथ...”

“लेथ चालतोय. खांदा चालत नाही. दोन वेगळी खाती आहेत.”

“आणि सोमवारी डॉक्टर,” सासूबाई म्हणाल्या. “तू घेऊन जायचंस. रजा टाक. लेथसाठी माणसं आणायला वेळ मिळतो तुला, खांद्यासाठीही मिळेल.”

यजमान बाह्या सरसावून पुढे झाले. “मी उचलतो, सरका.”

“उचलायचं नाहीये,” मामंजी म्हणाले. “लांब उभा राहून बघ. आधी उलटा फिरवायचा, आटा आट्यात पडल्याचं हाताला कळेपर्यंत. मग सुलट.”

हे वाक्य सासूबाईंचं होतं, गेली चाळीस वर्षं. चक शेवटपर्यंत गेला आणि मऊ ठोका देऊन बसला. मामंजींनी लेथ सुरू केला. कान लावला. चक फिरताना त्याची कड एका जागी उभी असल्यासारखी दिसत होती, जराही हलत नव्हती.

लेथ विकायची गोष्ट त्यानंतर निघाली नाही. खांदा औषधाने थोडा सुधारला, पुरता नाही. म्हणून पुढची नऊ वर्षं रोज सकाळी आठ वाजता ती दोघं लेथवर वाकायची. सासूबाई ओंडका धरायच्या, मामंजी फिरवायचे. त्यात रोज वाद व्हायचा: ओंडका डावीकडे गेलाय, नाही गेला, डोळे तपासून घे, तुम्ही घ्या. चक बसला की मामंजी चिंधी घ्यायचे. आधी सासूबाईंचे हात पुसायचे, बोटं एकेक करून, मग स्वतःचे.

“मळकी आहे ती चिंधी,” त्या रोज म्हणायच्या.

“हात तरी कुठे स्वच्छ आहेत?” ते म्हणायचे, आणि पुसत राहायचे.